उदककुंभ कोणाच्या हाती द्यावा?

अक्षय तृतीयेला पाण्याने भरलेला मातीचा घडा दान द्यावा आणि त्याबरोबर छत्री, पादत्राणे व पंखा द्यावा, असा प्रघात आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दानाच्या या वस्तूंकडे नीट पाहिले, तर त्यामागचा विचार सहज ध्यानी येतो. पाणी, सावली, तापलेल्या भुईपासून पायांचे रक्षण आणि वारा; वैशाखातील उन्हात माणूस तगावा म्हणून जे जे लागते, ते सारे या दानात आले आहे. पूर्वजांनी ऋतूची गरज ओळखली आणि तिला धर्मकृत्याचे रूप दिले. प्रश्न एवढाच आहे, की हा घडा आज कोणाच्या हाती जातो? ज्याच्या घरी आधीच थंड पाणी आहे त्याच्या, की जो भर दुपारी उघड्या रानात राबतो आहे त्याच्या?

परभणी जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४४ अंशांपर्यंत चढणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. काळी जमीन तापते, वाराही झळा घेऊन येतो. मात्र कामे थांबत नाहीत. नांगरट असते, पऱ्हाट्या उपटून रान मोकळे करायचे असते. हळद शिजवणाऱ्या मजुराला तर वरून सूर्याचा आणि समोरून भट्टीचा असा दुहेरी ताप सोसावा लागतो. वीटभट्टीवरील कामगार, रस्त्यावर डांबर टाकणारे, घरबांधणीवरील गवंडी व बिगारी, परभणी-पूर्णा लोहमार्गाची देखभाल करणारे ट्रॅकमन, या साऱ्यांचे पोट उन्हावर अवलंबून आहे.

दर उन्हाळ्यात या सर्वांसाठी सूचना प्रसिद्ध होतात. दुपारी १२ ते ३ बाहेर पडू नये, पाणी भरपूर प्यावे, सैल सुती कपडे वापरावेत. सूचना योग्यच आहेत. पण ज्याची हजेरी दुपारी काम सोडल्यास बुडते, त्याने घरात बसावे कसे? ज्या शेतात पाण्याचा माठ नाही, तेथे त्याने पाणी प्यावे कोठून? उन्हापासून रक्षण हा केवळ मजुराच्या शहाणपणाचा विषय नाही. तो काम देणाऱ्याच्या कर्तव्याचा विषय आहे.

देह काय मागतो?

माणसाचे शरीर घामाच्या वाटे स्वतःला थंड ठेवते. कडक उन्हात कष्टाचे काम करताना तासाला सुमारे एक लिटर पाणी घामावाटे जाऊ शकते. तहान लागेपर्यंत शरीरातील पाणी बरेच घटलेले असते. म्हणून दुपारी एकदाच तांब्याभर पाणी पिण्यापेक्षा दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी पिणे हितावह ठरते. पाण्याबरोबर मीठही जाते. ते सामान्यतः जेवणातून भरून निघते. तथापि घाम फार गेला, पाय वळू लागले, चक्कर आली, तर सावलीत बसून क्षारयुक्त पाणी घेणे आवश्यक असते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढी सामग्री प्रत्येक घरात असते.

हे साधे द्रावण जगभर रुजवण्यात एका भारतीय डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे द्रावण तोंडावाटे देण्याचा निर्णय घेतला आणि असंख्य प्राण वाचवले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. ज्या द्रावणाने ती छावणी तारली, त्याची पाकिटे आज प्रत्येक आरोग्य उपकेंद्रात ठेवली जातात. ती बांधावर पोहोचत नसतील, तर उणीव विज्ञानाची नाही.

उन्हाची खरी ओळख समाजाला अजून पटलेली नाही, हेही मान्य केले पाहिजे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथील समारंभात भर उन्हात बसलेल्या श्रोत्यांपैकी १४ जणांनी प्राण गमावले. ती माणसे केवळ बसली होती. मग हाती कुदळ घेतलेल्या माणसाच्या देहावर किती ताण येत असेल, याची कल्पना करावी. उन्हाची सवय होण्यास शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणूनच कामावर नव्याने आलेला किंवा आजारपणातून उठून परतलेला मजूर अधिक धोक्यात असतो. पहिल्या दिवशी त्याच्याकडून पूर्ण काम मागणे हा अन्याय आहे. उन्हात काम करणारा असंबद्ध बोलू लागला, अंग तापले, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत आणावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

शिदोरीतील शहाणपण

मराठवाड्याच्या शेतकऱ्याची शिदोरी पाहिली, तर तिच्यातही ऋतूचे भान दिसते. ज्वारीची भाकरी, पिठले, कांदा, शेंगदाण्याची चटणी आणि ताक. भाकरी दीर्घकाळ बळ देते. ताक पाणी व मीठ दोन्ही पुरवते. ज्वारीच्या पिठाची आंबील सकाळी पिऊन रानात जाणाऱ्याला अन्न आणि पाणी एकाच वेळी मिळते. कैरीचे पन्हे, लिंबाचे सरबत, कलिंगड यांचेही तेच मोल. कांदा खावा, तो चांगलाच. मात्र खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही ही समजूत सोडून द्यावी, कारण तिच्या भरवशावर माणूस पाणी प्यायचे विसरतो.

अलीकडे या शिदोरीची जागा उपाशीपोटी घेतलेला चहा, बिस्किटाचा पुडा आणि रंगीत गोड पेयाची बाटली यांनी घेतली आहे. ताक घरात होते, कारण दुभते दारात होते. दुभते गेले आणि ताकही गेले. केवळ परंपरेचे गोडवे गाऊन ते परत येणार नाही. ज्याच्या गोठ्यात आजही गाय आहे, त्याने आपल्या शेतावरील माणसांसाठी ताकाची कळशी पाठवली, तर ते परंपरेचे खरे जतन ठरेल.

स्त्रियांच्या बाबतीत आहाराचा प्रश्न अधिक गंभीर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ज्या देहात रक्तच अपुरे आहे, त्याला उन्हातील कष्ट दुप्पट जड जातात. येथे परभणीने स्वतःच एक उत्तर शोधले आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘इक्रिसॅट’च्या सहकार्याने विकसित केलेले ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण २०१८ मध्ये प्रसारित झाले. त्याच्या एक किलो धान्यात सुमारे ४२ मिलिग्रॅम लोह व ३२ मिलिग्रॅम जस्त असते. प्रचलित वाणांत हे प्रमाण अनुक्रमे ३० व २० च्या आसपास आहे. भाकरीसोबत लिंबाची फोड खाल्ली आणि जेवणाला लागूनच चहा घेणे टाळले, तर त्या लोहाचा लाभ अंगी अधिक लागतो.

सावली कोणाच्या खर्चाने?

रक्षणाचा पोशाखही येथल्या माणसाने स्वतःच शोधला आहे. पांढरे उपरणे किंवा पटका डोक्याला ऊन लागू देत नाही आणि भिजवला तर गारवा देतो. लुगड्यावर पुरुषी पूर्ण बाह्यांचा सदरा चढवून कापूस वेचणारी मजूर स्त्री हेच करीत असते. उन्हातील अतिनील किरण मोतीबिंदूला हातभार लावतात, म्हणून डोळ्यांवर छाया धरणारा पदर वा रुंद काठाची टोपी यांचेही मोल आहे. परंतु वस्त्र हे सावलीची आणि विश्रांतीची जागा घेऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट उघडपणे क्वचितच बोलली जाते. शेतात वा बांधकामावर आडोसा नसल्यामुळे असंख्य स्त्रिया दिवसभर पाणीच पीत नाहीत. लघवीला जावे लागू नये म्हणून त्या तहान मारतात. त्यातून मूत्रमार्गाचे विकार जडतात, उष्माघाताचा धोका वाढतो. अशा स्त्रीला ‘पाणी भरपूर पी’ असे सांगणे व्यर्थ आहे. तिला चार बांबू आणि तट्ट्यांचा आडोसा हवा.

उक्त्या कामात तर मजूर स्वतःच विसावा टाळतो, कारण थांबणे म्हणजे मिळकत घटणे. म्हणून विश्रांतीची शिस्त वरून यावी लागते. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम घेण्यास मनाई असते; तेथे गेलेल्या भारतीय कामगाराला तिचे संरक्षण मिळते. तोच कामगार परभणीत परतला की त्याच्या दुपारचा वाली कोण? मध्य अमेरिकेतील ऊसतोड कामगारांमध्ये मूत्रपिंडाचा घातक विकार पसरला, तेव्हा एल साल्वाडोरमधील एका साखर कारखान्याने पाणी, विश्रांती आणि सावली यांचा नियम घातला. तेथे तोड घटली नाही, उलट वाढल्याची नोंद झाली. पाथरी, गंगाखेड, सोनपेठ या भागांतून ऊसतोडीला टोळ्या जातात. त्यांच्या मुकादमांनी व कारखान्यांनी यातून बोध घ्यावा.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमीची कल्पना याच भूमीत उभी राहिली. पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली व प्रथमोपचार यांची तरतूद केली. ज्या गोष्टीची अपेक्षा शासनाकडून केली जाते, ती प्रत्येक शेतमालकाने आणि घर बांधणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने आपल्या दारात का करू नये?

मराठवाड्यात सालगड्याचे वर्ष गुढीपाडव्याला बदलते. त्या दिवशी सालाची बोली ठरते. नेमका त्याच सुमारास उन्हाळा तीव्र होऊ लागतो. या बोलीतच पाणी, सावली आणि वेळ यांचा समावेश व्हावा. काम पहाटे सहा ते अकरा व दुपारी चारनंतर, बांधावर भरलेला माठ, ताडपत्रीची सावली, स्त्रियांसाठी आडोसा, क्षारद्रावणाची पाकिटे. याचा खर्च एका दिवसाच्या मजुरीहून फार मोठा नाही. शहरातील कुटुंबांनीही हाच नियम लावून घ्यावा. ज्यांच्या घरावर गवंडी चढला आहे, ज्यांच्या दारी भर दुपारी सामान घेऊन कोणी येतो, त्यांनी त्याला गूळ-पाणी विचारावे. उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी देणे ही महाराष्ट्राची रीत आहे आणि ती केवळ पाहुण्यांपुरती नाही. गावोगावच्या मंडळांनी पाणपोई बसस्थानकाबरोबर मजुरांच्या नाक्यावरही उभारावी.

गंगाखेड ही संत जनाबाईची जन्मभूमी. तिच्या भक्तीत विठ्ठल केवळ विटेवर उभा राहत नाही; तो दासीच्या जात्याला हात लावतो, तिच्या कष्टांत वाटेकरी होतो. ज्या जिल्ह्याला हा वारसा लाभला, तेथे उन्हातल्या माणसाला केवळ उपदेश करून भागणार नाही. यंदाच्या अक्षय तृतीयेचा घडा भरावा आणि तो बांधावर नेऊन ठेवावा. मात्र दान एका दिवसाचे असते. तो घडा पाऊस पडेपर्यंत रोज भरलेला राहावा, हे कर्तव्य आहे.