लादी निवडण्याआधी

अम्मी पडली ती फजरच्या वेळी. वुजू करताना तिनं एक पाय उचलून बेसिनमध्ये ठेवला आणि दुसरा ओल्या लादीवरून सरकला. अल्लाहच्या मेहरबानीनं हाड मोडलं नाही, पण मनगट मुरगळलं आणि पंधरा दिवस हात गळ्यात राहिला. बाथरूम नवंकोरं होतं. भावानं हौसेनं चकचकीत लाद्या, उंच बेसिन, मोठा आरसा, सगळं बसवलं होतं. फक्त सत्तरीच्या बाईनं पाय कुठे धुवायचे, हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं.

मग तिच्यासाठी भिंतीला धरायची दांडी लावायचं ठरलं. मिस्त्रीनं ड्रिल लावलं आणि पाण्याची चिळकांडी उडाली. पाइप भिंतीत नेमका कुठून गेलाय, हे कुणालाच आठवत नव्हतं. शेवटी ती भिंत फोडून काम पुन्हा करावं लागलं. त्या खर्चातून जे शिकलो, ते घर बांधायला काढलेल्या वाचक भगिनींच्या उपयोगी पडेल, म्हणून यावेळी हा विषय.

वुजूची जागा

वुजूसाठी बेसिन पुरत नाही. एका कोपऱ्यात बसायचा ओटा आणि समोर खाली नळ, एवढं केलं तरी घरातल्या वडीलधाऱ्यांचा मोठा धोका टळतो. ओटा साधारण खुर्चीइतका, म्हणजे दीड फुटाच्या आसपास उंच असला की गुडघे दुखणाऱ्यांनाही उठबस करता येते. नळाची उंची मात्र पुस्तकातून घेऊ नका. प्लंबर यायच्या आधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला त्या जागी खुर्चीवर बसवा, हात पुढे करायला सांगा आणि पाणी जिथे सोयीनं हातात येईल तिथे भिंतीवर खडूनं खूण करा. पाय नळाखाली सहज यायला हवा, हेही तेव्हाच पाहा. नळ पाव वळणात उघडणारा, लांब दांडीचा घ्या. संधिवाताच्या बोटांना गोल चावी फिरवता येत नाही.

नळाला फेसाळ पाणी देणारी जाळी लावा. आमच्याकडे एकदा वुजू करताना नळाखाली बादली ठेवून पाहिली, तर एका माणसाच्या वुजूला नऊ लिटर पाणी गेलं होतं. प्रेषित (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करत, असं हदीसमध्ये आहे. मुद्द म्हणजे लिटरभरही नाही. तुम्हीही एकदा बादली ठेवून पाहा. या पाण्यात साबण नसतो, म्हणून त्याचा पाइप वेगळा काढला तर तेच पाणी अंगणातल्या झाडांना जातं.

भांड्याची दिशा

शौचालयाचं भांडं किब्ल्याकडे तोंड किंवा पाठ करून नसावं, ही काळजी आपल्या बहुतेक घरांत घेतली जाते. महाराष्ट्रातून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे येतो. म्हणून भांडं दक्षिणोत्तर ठेवावं. हे नकाशा काढतानाच सांगा. मैल्याचा पाइप एकदा स्लॅबमध्ये बसला की भांडं फिरवणं म्हणजे फरशी फोडणं. जेट स्प्रे उजव्या हाताला की डाव्या, हेही तेव्हाच ठरवा.

जे झाकलं जाणार आहे ते

बाथरूमचं आयुष्य लादीखालच्या कामावर ठरतं. पैसे कमी पडत असतील तर लादी स्वस्त घ्या, पाइप आणि वॉटरप्रूफिंग चांगलं घ्या. लादी खरखरीत असावी. दुकानात तिच्यावर पाणी ओतून, अनवाणी पाय घासून बघायला लाजू नका.

गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप लागतो, साधा पीव्हीसी गरम पाण्यानं मऊ पडतो. भिंत बुजवण्याआधी पाइपांत दाबानं पाणी भरून गळती तपासून घ्या. मग भिंतीला मोजपट्टी लावून प्रत्येक बाजूचा फोटो काढा आणि घराच्या कागदांसोबत ठेवा. हा एक फोटो असता तर आमची भिंत वाचली असती.

वॉटरप्रूफिंग वाळलं की निचऱ्याचं तोंड बंद करून फरशीवर दोन इंच पाणी साठवा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. खालच्या छताला ओल आली नाही, तरच लादी बसवायला सांगा. फरशीला मीटरमागे एक ते दीड सेंटीमीटर उतार हवा. लादी पक्की होण्याआधी गवंड्यासमोर एक तांब्या पाणी ओता. ते आपोआप जाळीकडे गेलं पाहिजे.

नहाणी ट्रॅपमध्ये साठून राहणारं पाणी गटाराचा वास अडवतं. पाहुण्यांचं बाथरूम महिनाभर बंद राहिलं की ते पाणी सुकतं आणि वासाबरोबर झुरळंही येतात. आठवड्यातून एकदा तिथे तांब्याभर पाणी ओतलं की झालं.

जिवाशी गाठ

दार बाहेर उघडणारं हवं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. कडी बाहेरूनही काढता येईल अशी घ्या. धरायची दांडी विटेच्या भिंतीत पक्की बसवा, टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलत नाही. विजेच्या गीझरला अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच. गॅसचा गीझर बाथरूममध्ये कधीही लावू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद खोलीत तो काही मिनिटांत जीव घेऊ शकतो.

आणि प्रत्येक बाथरूमला पाणी तोडणारा वेगळा कॉक ठेवा. तो कुठे आहे, हे घरातल्या लेकरांनाही माहीत असू द्या.

आता अम्मी फजरला ओट्यावर बसून वुजू करते. मध्ये माझी भाची आली, तीही तिथेच तिच्या शेजारी बसून वुजू करू लागली. नव्या लाद्यांचा रंग कोणता आहे, असं विचारलंत तर मला चटकन आठवणारही नाही.