जुन्या यंत्राला निरोप देताना

नाद आणि साधन : साप्ताहिक स्तंभ

चार वर्षांपूर्वी, वैशाखातल्या एका दुपारी, आमच्याकडे ध्वनिमुद्रणासाठी आलेल्या वयोवृद्ध गायिकेने यमनच्या विलंबित ख्यालातला एक संथ आलाप निषादावर आणून स्थिर केला आणि तेथून षड्जाकडे जाणारी वाट ऐकणाऱ्याला दिसू लागली, नेमक्या त्या क्षणी हेडफोनमध्ये वाळकी काटकी मोडावी तसा एक बारीक कडाका वाजला. तो गळ्याचा नव्हता, तानपुऱ्याचा नव्हता, मायक्रोफोनचाही नव्हता. मेजाखाली ठेवलेल्या २०१४ सालच्या संगणकाला आपला हिशेब वेळेत पुरा करता आला नाही, त्याची ती निशाणी होती. बाईंनी डोळे उघडून एवढेच विचारले, "पुन्हा घ्यायचं का?" पुन्हा घेतलेला आलाप चांगलाच झाला, पण तो पहिला आलाप नव्हता.

त्या संध्याकाळी जमलेल्या मंडळींचे एकमत झाले, की यंत्र थकले, ते मोडीत काढावे आणि नवे आणावे. घरच्या घरी संगीताचे काम करणाऱ्या बहुतेकांकडे हाच निकाल झटपट लागतो, आणि तो लागण्यापूर्वी दुखण्याची साधी चौकशीही होत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

वास्तविक ही चौकशी अवघड नसते. संगणक ध्वनीचा प्रवाह अखंड हाताळीत नाही. सेकंदाला ४४,१०० या प्रमाणात घेतलेल्या नमुन्यांचे तो लहान लहान गठ्ठे बांधतो, एकेका गठ्ठ्यावर आपले गणित करतो आणि तो पुढे धाडतो. बफर २५६ नमुन्यांचा ठेवला असेल तर दर गठ्ठ्यास जेमतेम सहा मिलिसेकंदांची मुदत मिळते, आणि त्या मुदतीत गणित उरकले नाही की तेवढ्या जागी पोकळी पडून कडाका ऐकू येतो. बफर १,०२४ वर नेला तर यंत्रास तेवीस मिलिसेकंदांची सवड लाभते खरी, परंतु गाणाऱ्याचा स्वर संगणकातून फिरून त्याच्याच कानी येताना आत जाण्याचा आणि बाहेर येण्याचा असा दोन्हीकडचा उशीर सोसावा लागतो. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंदांचा विलंब हा तबलजी साडेतीन मीटरांवर बसल्यासारखा, आणि तेवढा कोणीही गवई सहन करतो. पण स्वतःचाच स्वर सोळा-सतरा मीटरांवरून आल्यासारखा ऐकत गाणे पक्क्या गायकालाही जड जाते. म्हणून पहिला उपाय बिनखर्ची आहे : गाणे घेताना जड प्लगिन बंद ठेवावेत, गायकाला त्याचा आवाज संगणकातून न फिरवता थेट ऑडिओ इंटरफेसमधून ऐकवावा, आणि बफर वाढवण्याची मुभा मिक्सिंगच्या वेळेपुरती घ्यावी.

दुसरा उपाय मी पुढच्या रविवारी गच्चीवर केला. कॅबिनेट उघडले तेव्हा प्रोसेसरवरच्या पंख्याखाली, उष्णता वाहून नेणाऱ्या पातळ पत्र्यांच्या फटींत, धुळीचा नमदा बसला होता. कडेने नख घालून सोडवला तर तो चिंधीसारखा अखंड निघून आला. त्याखालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी भुरभुरत होती. प्रोसेसर अतिशय तापला की आपला बचाव करण्यासाठी तो आपला वेग आपणच उतरवतो, आणि वैशाखाच्या दुपारी, आवाज नको म्हणून खोलीतला पंखा बंद ठेवून चाललेल्या मुद्रणात, आमच्या यंत्राने तेच केले होते. रंगाचा जुना ब्रश आणि पेस्टची एक लहान नळी एवढ्या सामग्रीने तो कडाका पुन्हा ऐकू येईनासा झाला.

त्यानंतर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आणि आठ जीबी रॅमची सोळा, एवढी भर घातली. वाद्यवृंदाच्या किंवा तबल्याच्या सॅम्पल लायब्ररीत प्रत्येक स्वराचा आरंभ रॅममध्ये धरून ठेवलेला असतो आणि उरलेला भाग वाजता वाजता डिस्कवरून ओढला जातो; फिरत्या तबकडीच्या डिस्कला दर स्वरासाठी जागा शोधीत धावावे लागते, ते धावणे एसएसडीत उरत नाही. एवढ्या डागडुजीवर ते यंत्र आणखी चार वर्षे माझ्या उपयोगी पडले. मिरजेच्या सतारमेकरांकडे आवाज बसलेला तानपुरा नेला तर कोणी नवा तानपुरा पुढे करीत नाही. कारागीर तार छेडून कान देतो, घोडीवरून बोट फिरवतो, जवारी पुन्हा काढतो आणि तोच तानपुरा बोलू लागतो. भोपळ्यालाच तडा गेला असेल तर तेही तो स्पष्ट सांगतो. साधनाविषयीची ही वृत्ती संगणकाच्या बाबतीत आपण का सोडावी, हे मला उमगत नाही.

भोपळ्याला तडा गेल्याची वेळ मात्र येते, आणि ती वेगामुळे नव्हे तर सोबत्यांच्या अभावी येते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची व्यवस्था आणि साधारणतः २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो, तो आमच्याकडे नव्हता. इंटरनेट तोडून जुने यंत्र चालवता येते, परंतु अनेक प्लगिनांना आपल्या परवान्याची खातरजमा करण्यासाठी अधूनमधून इंटरनेट हवेच असते. नवा प्रोसेसर घ्यावा तर मदरबोर्ड बदलतो, मदरबोर्ड बदलला की जुनी डीडीआर३ रॅम त्यात बसत नाही, जुन्या पीसीआय साउंड कार्डाला खाचच उरत नाही. आणि २०२५ च्या उत्तरार्धापासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्यामुळे रॅमचे भाव असे चढले, की गरजेपेक्षा जास्त घेऊन ठेवण्याची सोयही राहिली नाही.

लॅमिंग्टन रोडवर गेलो तेव्हा दुकानदाराने आपुलकीने महागडे ग्राफिक्स कार्ड पुढे केले. संगीताला त्याचा उपयोग जवळजवळ नाही, उलट त्याच्या पंख्याचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरतो. एका आवाजावर लावलेले इक्वलायझर, कम्प्रेसर, रिव्हर्ब हे एकामागून एक चालणारे काम असते, पहिल्याचे उरकल्याखेरीज दुसऱ्याचे सुरू होत नाही, आणि अशी एक साखळी बहुधा एकाच कोअरवर चालते. सबब कोअरच्या संख्येइतकीच एकेका कोअरची चपळाई पाहावी, आणि वाचलेला पैसा चांगला एसएमपीएस व शांत पंखे यांवर खर्चावा. अ‍ॅपलची यंत्रे शांत आणि चपळ आहेत, परंतु मॅक मिनीसारख्या यंत्रात रॅम मागाहून वाढवता येत नाही, हे पैसे मोजण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे.

पण पैशाचा जमाखर्च मला एवढा महत्त्वाचा वाटत नाही, जेवढे जुन्या कामाचे दप्तर वाटते. नवे यंत्र उभे राहिले, मी उत्साहाने २०१६ सालचे एका अभंगाचे सेशन उघडले, आणि पडद्यावर प्लगिन सापडत नसल्याची यादी आली. त्या गाण्याला देवळाच्या सभामंडपाचा घुमारा देणारे रिव्हर्ब ३२ बिटचे होते, ते करणारी छोटी संस्था बंद झालेली, परवान्याची शहानिशा करायला पलीकडे कोणी नाही. पखवाज होता, टाळ होते, आवाज होता. ज्या जागेत ते सगळे एकत्र उभे होते ती जागा नाहीशी झाली होती. गाण्याची अंतिम प्रत माझ्याकडे आहे, पण त्यातला आवाज थोडा पुढे आणावा असे वाटले तर नव्या यंत्रावर ते करता येणार नव्हते, आणि याचे मला फार वाईट वाटले. नवे यंत्र मागवण्यापूर्वी, जुने धडधाकट असतानाच, प्रत्येक सेशनमधला प्रत्येक ट्रॅक आरंभापासून अखेरपर्यंत साध्या वेव्ह फाइलमध्ये उतरवून घ्यावा, एकदा परिणामांसह आणि एकदा कोरा. सोबत पट्टी, लय आणि वापरलेल्या प्लगिनांची नावे एका साध्या कागदावर लिहावीत, आणि दोन डिस्कांपैकी एक दुसऱ्याच्या घरी ठेवावी. हे काम कंटाळवाणे आहे आणि कोणी त्याचे पैसे देत नाही, तरी ते केल्यावाचून जुने यंत्र भंगारात घालणे म्हणजे दप्तरखाना न आवरता वाडा विकणे होय.

सुदैवाने जुने कॅबिनेट मी विकले नव्हते. ते आता खिडकीपाशी, इंटरनेटची वायर काढून, उभे आहे आणि रात्रीच्या जेवणानंतर मी त्याच्यावरून रोज एक-दोन गाणी उतरवून घेतो; अभंग पहिल्या रात्रीच उतरवला. काल यमन निघाला. पहिला आलाप मी तेव्हा पुसला नव्हता. निषादावरचा तो कडाका लाटेच्या चित्रात केसाएवढ्या उभ्या रेघेसारखा दिसतो, आणि नव्या यंत्रावरच्या दुरुस्तीच्या साधनांनी दोन्ही बाजूंचा स्वर पाहून तेवढी पोकळी भरता येते. रविवारी बाईंना ऐकायला बोलावले आहे.

— षड्ज