हौसेला मोल असतं!

‘हौसेला मोल नसतं’ असं आपण सहज म्हणून जातो. हौसेपायी माणूस किती खर्च करील याचा नेम नाही आणि त्याने तो केला तर इतरांनी त्यात नाक खुपसू नये, असा त्याचा अर्थ. मला मात्र या म्हणीबद्दल अलीकडे शंका येऊ लागली आहे. शंकेला कारण झाल्या आहेत काही जुन्या जर्मन मोटारगाड्या. मराठी आणि इतिहास शिकवण्यात ज्याचा जन्म गेला त्याने मोटारींवर लिहावं, याचं तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा! पण मुद्दा मोटारींपेक्षा मोटारवाल्यांचा आहे, आणि माणसांबद्दल बोलायला मास्तरला कुणाची परवानगी लागत नाही.

माझी लेक स्टुटगार्टजवळ राहते. मर्सिडीज आणि पोर्शे या दोन्ही कंपन्यांचं बिऱ्हाड याच शहरात. तिच्याकडे मी दोन उन्हाळे काढले. तिथे रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या जागेत जुन्या गाड्यांचे मालक जमतात, बॉनेट उघडतात आणि तासन् तास बोलत उभे राहतात. आपल्याकडे पारावर माणसं जमतात, तसंच. जर्मन लोक अशा गाडीला ‘ओल्डटायमर’ म्हणतात. शब्द इंग्रजी, पण इंग्रजीत तो माझ्यासारख्या जुन्या खोडाला लावतात, जर्मनांनी तो मोटारीला बहाल केला! मी लेकीला म्हटलं, “मग मलाही एक पाटी लावून घे.” ती म्हणाली, “बाबा, त्याला आधी तपासणी पास व्हावी लागते!” असो.

या मंडळींमध्ये एक वेगळाच पंथ मला दिसला. यांना लाल रंगाच्या बुटक्या स्पोर्ट्‌स कार नको असतात. यांचा जीव असतो साध्या, चार दारांच्या, एखाद्या बँक मॅनेजरला शोभेल अशा गाडीवर. मात्र तिच्या पोटात भलतंच इंजिन असतं. बाहेरून गाय, आतून वाघ!

या प्रकारच्या गाड्यांचा मूळपुरुष म्हणून मर्सिडीजच्या ३०० एसईएल ६.३ चं नाव घेतात. एरिश वाक्सेनबर्गर नावाच्या इंजिनियरच्या डोक्यातून ती निघाली. कंपनीची ‘६००’ ही राजेमहाराजांची अवाढव्य गाडी होती. तिचं ६.३ लिटरचं आठ सिलिंडरी इंजिन त्याने नेहमीच्या आकाराच्या गाडीत बसवून पाहिलं. सुरुवातीला हा त्याचा स्वतःचाच उद्योग होता, पुढे कंपनीने तो उचलून धरला. १९६८ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही गाडी लोकांपुढे आली. ताकद अडीचशे अश्वशक्ती, वेग ताशी २२० किलोमीटर. १९७२ पर्यंत अशा ६,५२६ गाड्या बनल्या. १९८५ साली बीएमडब्ल्यूने पहिली एम५ आणली. दिसायला नेहमीची पाच सीरीज, इंजिन मात्र एम१ या स्पोर्ट्‌स कारच्या इंजिनाच्या कुळातलं, २८६ अश्वशक्तीचं.

आणि मग ५०० ई. १९९० साली पॅरिसला दाखवलेली. हिची कथा मला फार आवडते. हिचे चाकांवरचे पत्रे नेहमीपेक्षा रुंद असल्याने ती मर्सिडीजच्या नेहमीच्या असेंब्ली लाइनवर मावेना. त्याच सुमाराला पोर्शे कंपनीला कामाची निकड होती. म्हणून सांगाडा जोडायचा पोर्शेच्या झुफेनहाउझेनच्या कारखान्यात, रंगवायला न्यायचा मर्सिडीजच्या झिंडेलफिंगेनला, इंजिन वगैरे बसवायला पुन्हा झुफेनहाउझेनला आणि शेवटच्या तपासणीला पुन्हा झिंडेलफिंगेनला! माहेर आणि सासर यांच्यात अशा खेपा घालत एकेक गाडी १८ दिवसांनी पुरी व्हायची. १९९५ पर्यंत १०,४७९ गाड्या निघाल्या.

लेकीच्या शेजारचे एक निवृत्त गृहस्थ अशीच एक ५०० ई बाळगून आहेत. त्यांच्या गॅरेजमध्ये उभं राहून मी जे पाहिलं त्यावरून सांगतो, जुनी गाडी पुन्हा उभी करणं हे काम चिकाटीचं आहे. तिथे हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ वितळावं म्हणून मीठ टाकतात. ते मीठ पत्रा खातं. जॅक लावायची जागा, चाकांवरच्या कमानी इथे गंज आधी शिरतो, आणि वरून रंग तकतकीत असताना आत पोखरत जातो. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या मर्सिडीज गाड्यांचं आणखी एक दुखणं म्हणजे इंजिनाजवळच्या वायरी. त्यांच्यावरचं आवरण उष्णतेने कडक होतं आणि बोट लावलं की पापडासारखं मोडतं. आतली तांब्याची तार उघडी पडली की गाडी वेड्यासारखी वागू लागते. मग सगळा जुडगाच बदलायचा, नाहीतर एकेक वायर सोडवून तिच्या जागी नवी घालायची. शेजारच्या गृहस्थांनी दुसरा मार्ग धरला होता. अख्खा हिवाळा गेला त्यात!

त्याआधीच्या गाड्यांचे लाड आणखी निराळे. १९७५ साली आलेल्या ४५० एसईएल ६.९ ला पोलादी स्प्रिंगच नाहीत. तेल आणि नायट्रोजन वायू यांच्या दाबावर ती तोललेली असते. दाब गेला की दमलेल्या उंटासारखी खाली बसते. ६.३ च्या इंजिनाला पेट्रोल पुरवणारा आठ दट्ट्यांचा बॉश पंप असतो. तो बरोबर जुळवणारे हात आता थोडे उरलेत, आणि त्यातले बरेचसे म्हातारे आहेत.

इथवर वाचून कुणी म्हणेल, “मास्तर, हे श्रीमंतांचे चोचले. आपल्याला काय करायचंय?” थांबा. इथेच माझा मुद्दा सुरू होतो.

जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांवरच्या गाडीला नंबराच्या शेवटी ‘एच’ हे अक्षर मिळू शकतं. ‘हिस्टोरिश’, म्हणजे ऐतिहासिक, यातला तो एच. अट अशी की गाडी बऱ्याच अंशी मूळ रूपात आणि चांगल्या स्थितीत हवी, तपासनिसाचा तसा दाखला हवा. लेक म्हणाली ती हीच तपासणी. ते अक्षर मिळालं की इंजिन केवढंही असो, मोटारीला वर्षाचा कर सरसकट १९१ युरो ७३ सेंट. एरवी धूर आणि आकारमान पाहून कर लावला तर एवढ्या मोठ्या जुन्या इंजिनाला याच्या कित्येक पट पडेल. शिवाय शहरातल्या ज्या भागांत जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना मज्जाव आहे, तिथेही एचवाल्यांना मुभा!

आता दुसरी बाजू पाहा. याच स्टुटगार्ट शहरात हवा बिघडली म्हणून २०१९ साली युरो-४ आणि त्याआधीच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली. म्हणजे दहा-बारा वर्षांच्या डिझेल गाडीतून कामावर जाणाऱ्या नोकरदाराची गाडी शहराबाहेर, आणि हौशी माणसाची सहा लिटरची पेट्रोलखाऊ गाडी दिमाखात आत. हा न्याय कुठला?

सरकारचं उत्तर कायद्यातच आहे. अशा गाड्या म्हणजे वाहनतंत्राचा सांस्कृतिक ठेवा आणि तो जपला जावा म्हणून सवलत, असं तो कायदा म्हणतो. मला हे उत्तर पटतं. आपण किल्ले जपतो, पोथ्या जपतो. माणसाने लोखंडातून काय साधलं तेही जपलं पाहिजे. पण एकदा ‘ठेवा’ हा शब्द वापरला की मालकाची जागा बदलते. कागदोपत्री गाडी त्याची, पण करातली सूट इतरांनी सोसलेली आहे आणि धूरही इतरांच्या नाकात गेलेला आहे. म्हणजे हौसेला मोल आहे, आणि त्यातलं काही तिऱ्हाइताने भरलेलं आहे. त्याची परतफेड कशी करायची, हा प्रश्न प्रत्येक हौशी मालकाने स्वतःला विचारायला हवा.

माझ्या मते ती एकाच रीतीने होते. गाडी चालती ठेवायची आणि ती चालती ठेवण्याची विद्या पुढच्या माणसाच्या हाती द्यायची. या गाड्यांच्या किमती चढायला लागल्यापासून काही लोक त्या सोन्याच्या बिस्किटांसारख्या विकत घेतात. पडदा टाकून, हवा कोरडी राखून ठेवून देतात आणि भाव वाढायची वाट पाहतात. त्यांचं काय चुकलं? सांगतो. जी गाडी चालते तीच झिजते. झिजते तिलाच सुटे भाग लागतात. मागणी आली तरच कारखाना जुना भाग पुन्हा बनवायला घेतो. स्टुटगार्टशेजारच्या फेलबाखला मर्सिडीजने १९९३ साली खास जुन्या गाड्यांसाठी केंद्र उघडलं, ते अशाच गिऱ्हाइकांच्या जोरावर चालतं. आणि काम येत राहिलं तरच म्हाताऱ्या मेकॅनिकच्या हाताखाली एखादा पोरगा टिकतो. कुलपातली गाडी कुणालाच काम देत नाही. तशा शंभर गाड्या जपल्या आणि पंप जुळवणारा शेवटचा माणूस गेला, तर मागे शंभर सुंदर पुतळे उरतील. मग सवलत कशाची?

रोज ऑफिसला न्या असं मी म्हणत नाही. तेवढा धूर नकोच. महिन्यातला एखादा रविवार, थोडे किलोमीटर, एवढं पुष्कळ झालं.

आपल्याकडेही हा प्रश्न फार लांब नाही. ५०० ई ज्या घराण्यातली, त्याच घराण्यातल्या साध्या मर्सिडीज गाड्या १९९५ पासून आपल्या पुण्यात, टेल्कोच्या आवारात तयार होऊ लागल्या होत्या. केंद्र सरकारने २०२१ साली ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी नियम केला. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर, आणि रोजच्या वापराला मनाई. पन्नास वर्षं! म्हणजे पुण्याच्या त्या पहिल्या गाड्यांना २०४५ पर्यंत थांबायला हवं. तोवर त्या दुरुस्त करणारा गॅरेजवाला टिकायचा कसा? त्याच्याकडे दाखला नसतो, पुस्तकही नसतं; उस्तादाच्या शिव्या खात शिकलेला असतो तो. ठेवा म्हणून गाडीची नोंद करताना त्याचीही कुठेतरी नोंद व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा मंडळी, तुमच्या ओळखीत कुणाकडे अशी जुनी, देखणी गाडी असेल तर तिचं कौतुक जरूर करा. मात्र किंमत विचारू नका. शेवटची कधी चालवली, आणि दुरुस्त कुणाच्या हातून करून घेता, हे दोनच प्रश्न विचारा. मालक केवढा हौशी, ते त्याच्या उत्तरांवरून कळेल.