रसोनाचा अर्क आणि फवारणीचे विष

भाद्रपदात महागाव तालुक्यातील कपाशीवर फवारणीचा जोर असतो. अशाच दिवसांत एका शेतकरी रुग्णाने मला विचारले, "लसनाच्या गोळ्या घेतल्या त फवारनीचं औषध बाधत नाई म्हन्ते, खरं हाय का जी?" गोळ्या विकणाऱ्यानेच त्यास तसे सांगितले होते. या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी आपणा वैद्यांची व औषधविक्रेत्यांची आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

या समजुतीस काहीच आधार नाही, असे नव्हे. अलीगढ येथील संशोधकांनी मानवी रक्तातील लिम्फोसाइट पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांवर मिथाइल मिथेनसल्फोनेट या गुणसूत्रांस इजा करणाऱ्या रसायनाचा प्रयोग केला. सोबत लसणातील ॲलिसिन दिले असता ही इजा कमी झाल्याचे त्यांना आढळले. त्यापूर्वी १९९० च्या दशकात कोलकात्यात उंदरांवर झालेल्या प्रयोगांत लसणाच्या अर्काने आर्सेनिकजन्य हानी घटल्याचे दिसले होते. रसोनाची गणना रसायन द्रव्यांत करणाऱ्या आपल्या परंपरेस हे निष्कर्ष सुखावणारे आहेत. तथापि तेथेच थांबणे योग्य नाही.

पेशींच्या संवर्धनात अर्क थेट पेशींवर घातला जातो. शरीरात तसे घडत नाही. लसूण चिरडल्यावर ॲलिनेज या विकराच्या क्रियेने ॲलिसिन बनते. सेवनानंतर त्याचे त्वरित रूपांतर होते व रक्तात ते जसेच्या तसे आढळत नाही. शिवाय कल्पना बदलली की द्रव्याचे घटकही बदलतात. चरकाने गुल्मचिकित्सेत सांगितलेल्या लशुनक्षीरात चार पल शुद्ध शुष्क लसूण आठपट दुग्धोदकात दूध शेष राहीपर्यंत आटवावा लागतो. उष्णतेने विकर निष्क्रिय होत असल्याने हे क्षीर, कच्चा कल्क, तेल आणि बाजारातील कॅप्सूल यांना एकच मानता येत नाही. एका कल्पाचा पुरावा दुसऱ्याच्या वेष्टनावर छापणे शास्त्रास धरून नाही.

मनुष्यांवरील पुरावाही संयमाने वाचावा. चीनमधील लिंक्यू येथे सात वर्षांहून अधिक काळ लसणाचे पूरक कल्प देण्यात आले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बावीस वर्षांच्या पाठपुराव्यात जठराच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी आढळले; परंतु रोग होण्याचे प्रमाण लसणामुळे निश्चितपणे घटल्याचे सिद्ध झाले नाही. हा निष्कर्ष आशादायक असला, तरी त्यावरून कीटकनाशकापासून संरक्षण मिळते असे म्हणता येणार नाही.

आपल्या जिल्ह्यात याचे गांभीर्य अधिक आहे. २०१७ च्या फवारणी हंगामात यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील कीटकनाशके कोलिनएस्टरेज या विकरास रोखून रुग्णास काही तासांत संकटात टाकतात. गुणसूत्रांची हानी ही दीर्घकालीन बाब झाली. या तीव्र विषबाधेवर लसूण हा उतारा नव्हे. कॅप्सूलच्या भरवशावर मुखपट्टी व हातमोजे बाजूला ठेवणाऱ्यास आपण धोक्यातच ढकलतो.

म्हणून व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे. लसूण जरूर द्यावा. पण प्रकृती, अग्नी व ऋतू पाहूनच. पित्तप्रकोप वा रक्तस्रावाची प्रवृत्ती असल्यास आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास तो टाळावा. कर्करोगप्रतिबंधक म्हणून त्याची जाहिरात करू नये. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या अनुसूचीत कर्करोगाचा समावेश आहे. फवारणी करणाऱ्या रुग्णास संरक्षक साधने वापरण्यास, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने न फवारण्यास, काम संपताच साबणाने स्नान करण्यास सांगावे. अतिघाम, लाळ, धूसर दृष्टी वा श्वासकष्ट दिसताच त्यास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

आयुर्वेदाची प्रतिष्ठा औषधाच्या स्तुतीने वाढत नाही. औषधाची मर्यादा प्रामाणिकपणे सांगणाऱ्या वैद्यामुळे ती वाढते. त्या शेतकऱ्यास मी एवढेच सांगितले : "लसूण जेवणात खा, पण तोंडाला फडकं अन् हातात मोजे घातल्याशिवाय शेतात पाय टाकू नका."