‘बसायचं का?’ हो, पण पुस्तक घेऊन!

‘आज बसायचं का?’ ग्रुपवर हा मेसेज पडला की कशासाठी, असं कुणी विचारत नाही. अर्थ सगळ्यांना पाठ असतो. आता समजा, तुमच्यातला एक जण व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच परत आलाय. त्याला काय मेसेज करणार? बहुतेक ग्रुप सोपा मार्ग काढतात, त्याला सांगतच नाहीत. म्हणजे दारू सुटली आणि दोस्तही सुटले. मग संध्याकाळी सातनंतर त्याने करायचं काय?

माझं म्हणणं साधं आहे. अशा मित्रासाठी, मैत्रिणीसाठी वाचनकट्टा सुरू करा.

वाचनातून काय घडू शकतं, हे पुण्याने पाहिलंय. गर्दच्या विळख्यातल्या मुलांवर अनिल अवचटांनी लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने येरवड्यात ‘मुक्तांगण’ सुरू झालं.

‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’च्या बैठकीत माणूस स्वतःच्या व्यसनाबद्दल बोलतो. ते गरजेचंच आहे. पण आठवड्यातून एकदा तरी त्याला फक्त ‘वाचक’ म्हणून बसता यायला हवं ना? कादंबरीतला नायक घरच्यांशी खोटं का बोलला, यावर वाद घालताना लाज, एकटेपणा, घरातली भांडणं सगळं बोलून होतं, तेही स्वतःची फाईल न उघडता. शिवाय ‘पुढच्या शनिवारी साठ पानं वाचून ये’ म्हणजे कुणीतरी आपली वाट बघतंय. बरं होणाऱ्या माणसाला याचं मोल फार असतं.

जागा? मंडई! इथल्या गप्पांची परंपरा एवढी जुनी, की ‘मंडई विद्यापीठ’ असं नावच पडलंय. आता मेट्रोही थेट येते. अप्पा बळवंत चौक चालत गाठता येतो, १८४८ पासूनचं पुणे नगर वाचन मंदिरही जवळच आहे. चार जण, एक बारीकसं पुस्तक आणि चहा, एवढं पुरतं.

नियम मात्र पाळा. ‘किती दिवस झाले सोडून?’ असं विचारू नका. त्याने आपणहून सांगितलं तर ऐका आणि ते कट्ट्यावरच ठेवा. वाचून झालं नसेल तरी यायचंच. आणि कट्टा संपल्यावर ‘चला, आता खरं बसू’ अजिबात नाही.

एक लक्षात ठेवा, वाचनकट्टा म्हणजे उपचार नव्हे. समुपदेशन, फॉलोअप चालूच राहायला हवेत. तो पुन्हा घसरला तर लेक्चर देऊ नका. त्याला समुपदेशकाकडे घेऊन जा आणि शनिवारची त्याची जागा राखून ठेवा.

तर मग, या आठवड्यात मेसेज टाकताय ना? ‘शनिवारी मंडईत बसू. पुस्तक आण.’