ब्रेक लागतोय न्हवं?

हॉस्टेलवर प्रत्येकाला गाडीचं ॲव्हरेज पाठ असतं. पण पुढच्या डिस्कची जाडी विचारा, सगळे गप्प! वर उत्तर ठरलेलं, "भावा, ब्रेक लागतोय न्हवं? मग झालं की!"

मीही त्यातलाच. पन्हाळ्याहून उतरताना ब्रेकचा लिव्हर बोटांखाली थरथरायला लागला, तेव्हा कुठे डिस्क नीट पाहिली. तिच्यावर किमान जाडी कोरलेली होती, ३.५ मिमी. व्हर्नियर कडेच्या न झिजलेल्या उंचवट्यावर टेकून फसवतो, म्हणून लॅबमध्ये मायक्रोमीटर लावला. ३.३!

सुट्टीत घरच्या अंगणात स्वतःच डिस्क आणि पॅड बदलले. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत, गॅरेजमधून मागून आणलेल्या टॉर्क रेंचने आवळले. धाकटी बहीण मागे बसली. निघण्याआधी सहज लिव्हर दाबला, तर तो थेट हँडलला टेकला! नवे पॅड बसावेत म्हणून कॅलिपरचे पिस्टन मीच मागे ढकलले होते. पाच-सहा वेळा दाबल्यावर लिव्हर कडक झाला. तसाच निघालो असतो तर?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. हे काम घरी जरूर करावं, पण अंदाजपंचे नाही. पेपरात आपण फॅक्टर ऑफ सेफ्टी लिहितो आणि गाडीवर मात्र नशीब वापरतो. शिवाजी उद्यमनगरच्या गावात शिकणाऱ्यांना हे शोभत नाही.

सरांना एकच विनंती. महिन्यातला एक शनिवार वर्कशॉप आमच्या गाड्यांसाठी उघडा. मायक्रोमीटर आणि टॉर्क रेंच तुमचा, घाम आमचा!