महेंद्र गायकवाडचं पुढं काय? शिरसीच्या पैलवानाची ताकद आणि हातात उरलेला वेळ

मंगळवेढा : अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर 2 फेब्रुवारी 2025 ला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली, आणि तेव्हापासून तालुक्यात एकच विषय आहे. शेवटची काही सेकंद बाकी असताना पंचांच्या गुणावर चिडून महेंद्र गायकवाडनं मैदान सोडलं. गदा पृथ्वीराज मोहोळच्या खांद्यावर गेली. पाठोपाठ राज्य कुस्तीगीर संघानं शिवराज राक्षेबरोबर महेंद्रवरही तीन वर्षांची बंदी घातली. गुण बरोबर होता की चूक, यावर पारावर रोज कुस्त्या होतायत. पण हा गडी मुळात किती मोठा पैलवान होऊ शकतो, याचा हिशोब कुणी मांडत नाही.

तो मांडायचा तर 2022 पासून. त्या वर्षी बल्गेरियातल्या सोफियात 20 वर्षांखालील जागतिक स्पर्धेत महेंद्रनं 125 किलो गटात रौप्य मिळवलं. अंतिम फेरीत इराणच्या पोरापुढं हरला, पण तिथवर पोचणं साधी गोष्ट नव्हे. खाशाबा जाधवांपासून अमन सेहरावतपर्यंत कुस्तीत भारताची सगळी ऑलिंपिक पदकं हलक्या-मध्यम वजनातली आहेत. सर्वात जड गटात आपली पाटी कोरीच. पॅरिसला तर पुरुषांत एकटा अमन पात्र ठरला, तोही 57 किलोत. त्यामुळं ज्वारीच्या या पट्ट्यातून सव्वाशे किलोचा जागतिक पदकवाला निघतो, याची किंमत गदेपेक्षा जास्त धरायला पाहिजे. आपल्याकडं ती तशी धरली गेली नाही, हेही खरंच.

"महेंद्र मातीतला गडी, गादीवर त्याचं काम नाही," असं काही जाणकार म्हणतात. 2023 आणि 2025, दोन्ही वेळा तो माती विभागातूनच अंतिम फेरीत आला, हे बरोबर. पण सोफियात माती नव्हती, गादीच होती. म्हणजे दोष पृष्ठभागाचा नाही.

मग कशाचा? दोन पराभव शेजारी ठेवून बघावेत. जानेवारी 2023 ला पुण्यात उपांत्य फेरीत सिकंदर शेखसारख्या तगड्या गड्याला काढलं, त्या कुस्तीच्या गुणांवरूनही राज्यभर वाद झाला. त्यानंतर अंतिम लढतीत राक्षेनं मिनिटाच्या आत चितपट केलं. दोघंही काका पवारांच्या तालमीतले, एकमेकांचा डाव ओळखून असलेले. तिथं सुरुवातीलाच घात झाला. अहिल्यानगरला शेवटाला झाला. मधल्या मिनिटांत मात्र हा गडी सहसा कुणाला हलत नाही. जड गटात दमसास आणि ताकद असेल तर बाकीचं शिकवता येतं. पहिल्या मिनिटाचा बचाव वस्ताद घोटवून घेऊ शकतो. पंचाचा निर्णय विरुद्ध गेल्यावर उरलेली सेकंदं लढायची सवय लावणं त्याहून अवघड आहे. एका गुणाचं अंतर तेवढ्या वेळात फिरतं, पायरीबाहेर ढकललं तरी एक गुण मिळतो.

वय अजून बाजूनं आहे. 2022 ला वीसच्या पुढं नव्हता, म्हणजे 2025 ला बावीस-तेवीसच्या पुढं नव्हता. पॅरिसला 125 किलोचं सुवर्ण घेणारा जॉर्जियाचा पेट्रियाशव्हिली तीस वर्षांचा होता. तुर्कस्तानचा ताहा अकगुल तेहेतिसाव्या वर्षी कांस्य घेऊन गेला. जड पैलवान उशिरा पिकतो.

अडचण मधल्या वर्षांची आहे. राज्याच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धा, तिथून शिबिर, असा नेहमीचा रस्ता आहे, आणि तोच अडला. रेल्वे आणि सेनादल राष्ट्रीय स्पर्धेत आपापले संघ उतरवतात, तिकडं नोकरी लागली तर वाट निघू शकते. विजय चौधरीला तीन गदांवर पोलीस उपअधीक्षकपद मिळालं. दोनदा उपमहाराष्ट्र केसरी झालेल्याला तसं दार आपोआप उघडत नाही, आणि खुराक तर रोजचा लागतो.

आता यात्रा-जत्रांचा हंगाम तोंडावर आलाय. महेंद्रचं नाव लागलं की आखाडा भरतो, इनामही मोठं असतं. गावोगावच्या यात्रा कमिट्या बोलावणार, आणि त्याला जावंसं वाटणार, यात चूक काही नाही. पण जत्रेतली निकाली कुस्ती आणि सहा मिनिटांची गुणांची कुस्ती यांची तयारी वेगळी. तीन हंगाम नुसते फडांवर गेले, तर सोफियाचा महेंद्र परत गादीवर दिसणं कठीण.